'बालेरा' म्हणजे झाडेल

"मावशी, तुम्ही काही बोलायचं नाही हां. नुसतं झाडू घेऊन उभं राहायचं. मी खांद्याला हात लावला की झाडायला लागायचं. हात काढला की थांबायचं."

ईशा असं म्हणाली आणि तिनं मला फळ्यासमोर उभं केलं. अकरावीतली पोरगी. गोड. येता-जाता "काय मावशी, जेवलात का" विचारणारी. समोर चाळीस पोरं-पोरी. पहिल्या बाकावर फ्रेंचच्या मॅडम, मांडीवर मार्कांची वही. मागच्या बाकावर एक जण मोबाईल धरून शूटिंग काढत होता.

मी कोट काढून आले होते. आमच्या ठेकेदाराचा निळा कोट, पाठीवर त्याच्या कंपनीचं नाव. ईशानं सकाळीच सांगितलं होतं, "मावशी, आमचं प्रेझेंटेशन तुमच्यावर आहे." माझ्यावर! अठ्ठावन्न वर्षांत माझ्यावर कुणी काही केलं नव्हतं. मी नळावर तोंड धुतलं, केस ओले करून चापून बसवले, खोचलेला पदर सोडला. कोट खुंटीला लावला.

"अहो मावशी, कोट कुठाय?" ईशा म्हणाली. "तो घालाच. कोट नसला तर तुम्ही मावशी वाटत नाही."

मी परत गेले. कोट घालून आले.

मग सुरू झालं. आधी ईशाची मैत्रीण आली. ओढणी कमरेला बांधलेली, पाठीला दप्तराचं कुबड केलेलं, उजवा पाय ओढत. माझा उजवा गुडघा दुखतो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गेल्ते बाई गेल्ते, आल्ते बाई आल्ते, लई दमल्ये बाई लई दमल्ये." वर्ग हसला. मी पण हसले. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. हसले.

ईशानं माझ्या खांद्याला हात लावला. मी झाडायला लागले. ती वर्गाकडं तोंड करून म्हणाली, "इयेर, एल आ बालेये."

हात काढला. मी थांबले. परत हात लावला. "ओजूर्दवी, एल बाले."

हात काढला. परत लावला. "दमँ, एल बालेरा."

काल तिनं झाडलं. आज ती झाडते. उद्या ती झाडेल. टाळ्या पडल्या.

अजून संपलं नव्हतं. मैत्रिणीनं पाठीवरचं कुबड काढलं, केसांच्या दोन वेण्या पुढं घेतल्या आणि गुडघ्यात वाकून लहान झाली. ईशानं तिच्या हातात एक इवलीशी केरसुणी दिली. लक्ष्मीपूजनाला आपण आणतो, हळदीकुंकू लावतो, तसली. आणि म्हणाली, "ए सा पतीत-फीय, एल बालेरा ओसी."

पोरं बाकं बडवायला लागली.

त्यांना वाटलं मला कळत नाही. मला शब्दन्‌शब्द कळत होता. आणि तिची नात, ती पण झाडेल.

मॅडमनी हात वर केला. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या. म्हणाल्या, "खूप क्रिएटिव्ह! फक्त एक चूक. शेवटच्या वाक्यात 'रा' घशातून आला पाहिजे. मराठी 'रा' नको."

चूक तेवढीच निघाली.

"थँक्यू हां मावशी," त्या मला म्हणाल्या. "आणि आता उभ्याच आहात तर ती चमकी गोळा करून घ्या."

आधीच्या गटातल्या पोरांनी थर्माकोलचा उंच मनोरा केला होता, त्याची चमकी फरशीभर झाली होती. मी ती झाडली. खांद्यावर कुणाचा हात नव्हता, तरी झाडली.

*

आता तुम्ही म्हणाल, ही बाई झाडूवाली, हिला फ्रेंच कसं कळलं. सांगते.

मी राजूरच्या वरच्या अंगाची. आमच्या वाडीवरून राजूरला उतरायचं म्हणजे दोन तास पायवाट. आम्ही ठाकर. शाळा चौथीपर्यंत झाली. मास्तर खालून यायचे, आठवड्यात दोनदा. मी "पाऊस व्हता" म्हणलं की ते वर्गाला सांगायचे, "ऐका रे, ठाकराच्या पोरीला 'होता' म्हणता येईना." मग मला उभं करून 'होता, होती, होतं' शंभरदा म्हणायला लावायचे. शंभर झाले की म्हणायचे, "आता सांग, काल काय होता?" मी म्हणायचे, "पाऊस व्हता." जीभ तिकडंच वळायची. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही ती काही घरच्यांनी काढली म्हणून नाही. मीच गेले नाही. तोंड उघडायची भीती बसली.

वाचायला नंतर शिकले, माझी मी. हिरडा वेचून राजूरच्या बाजारात घालायचा, तिथं मीठमिरची पेपरात बांधून मिळायची. पुडी सोडली की पेपर सरळ करून वाचायचा. अर्ध्या बातम्या. सुरुवात मिळाली तर शेवट नाही. लग्न होऊन नगरला आले तेव्हा मी कुठलाही कागद वाचू शकत होते. आता नगरचं नाव बदललंय, एसटीच्या पाट्या बदलल्या, अहिल्यानगर. आमच्या तोंडातलं नगर अजून जात नाही. मालक गेल्यावर मी ठेकेदाराकडं लागले. या ज्युनियर कॉलेजात सहा वर्षं झाली. दुसरा मजला माझा.

दुसऱ्या मजल्यावर फ्रेंचचा वर्ग. इथली मोठ्या घरची पोरं मराठी घेत नाहीत. फ्रेंचला मार्क पडतात म्हणतात. वर्ग सुटला की लगेच झाडायचा, पुढचा वर्ग यायच्या आत. म्हणून मी पाच-दहा मिनिटं आधीच दाराशी जाऊन उभी राहायचे. कान काय कुठं खुंटीला लावून ठेवता येतात? आत पोरं घोकायची, बाहेर माझ्या तोंडात यायचं. मी मनातल्या मनात म्हणायचे. मग जिना पुसताना म्हणायचे. पायरीपायरीला एक.

पण लिहिलेलं कुठून मिळालं, तर कचऱ्याच्या डब्यातून. गंमत बघा. मॅडमचा नियम होता, फ्रेंच शब्दाखाली मराठीत उच्चार लिहायचा नाही. "सवय लागते," म्हणायच्या. पोरं चोरून लिहायची. पेन्सिलनं, बारीक. आणि मॅडम वह्या बघायला आल्या की पान टराटरा फाडून डब्यात. ती पानं मी घरी न्यायचे. वर फ्रेंच, खाली आपली बाळबोध अक्षरं, बाजूला अर्थ. अजून काय पाहिजे होतं मला? मोठमोठ्या घरची लेकरं माझ्यासाठीच पुस्तक लिहीत होती म्हणा की.

पहिल्यांदा एका पानावर वाचलं, 'ज स्वी आले'. मला वाटलं, हे तर आपलंच! आले म्हणजे आले. बाई आली. मी चार दिवस त्याच भ्रमात. मग दुसरं पान सापडलं, त्यावर अर्थ होता, 'मी गेले'. म्हणजे त्यांच्यात गेल्यावर आले म्हणतात! मी एकटीच डब्यापाशी बसून हसले. तसंच ते पतीत-फीय. मी म्हणलं, अरे देवा, पतित? कुणाची पोर वाया गेली? तर ते म्हणजे नात. पतीत म्हणजे लहान, फीय म्हणजे मुलगी. माझ्या कोमलला मी घरी एकदा म्हणलं, "ये गं माझी पतीत-फीय." ती म्हणाली, "आज्जी, शिव्या कशाला देती?"

आणि एक गोष्ट मला त्यांच्या आधी कळली. एकदा मॅडम काळ शिकवत होत्या. एक गोष्ट घडली, पण तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती, तो काळ. पोरांना समजेना. मॅडम चिडल्या. मी दाराबाहेर. माझ्या मनात आलं, अगं बाई, हे तर आपलं 'गेल्ते'! तू आलीस तवा मी बाजारात गेल्ते. गेले होते, ते दाबून गेल्ते. फ्रेंचवाले पण दाबतातच की. दोन शब्द चिकटवून एक करतात, मध्ये वर एक टिंब देतात. त्यांनी दाबलं की स्टाईल. आम्ही दाबलं की गावंढळ.

अजून एक. तिकडं बाई गेली की लिहिताना शेवटी एक अक्षर जास्तीचं लावतात. लावायचं, पण बोलायचं नाही. बाई आहे हे कागदावर दिसतं, कानाला ऐकू येत नाही. हे मी पानावर वाचलं तेव्हा झाडू खाली ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिले होते.

असं मी शिकले. कुणाचं काही घेतलं नाही. टाकलेलं उचललं.

*

त्या दिवशी संध्याकाळी कोमल मोबाईल घेऊन आली. कोमल नववीला. मुलगा आणि सून दोघं एमआयडीसीत, म्हणून पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. कधी मी डबा विसरले तर तो घेऊन कॉलेजात यायची. ईशानं तिला एकदा चॉकलेट दिलं होतं. तेव्हा मीच छाती फुगवून सांगितलं होतं, "ही माझी नात. लई हुशार हाय. पहिली येती वर्गात." ते त्यांच्या ध्यानात राहिलं.

"आज्जी, तू कॉलेजच्या पेजवर आलीय! हे बघ." पोरगी आनंदानं नाचत होती. "आज्जी, ती वेण्यावाली कोण दाखवलीय? मी का?"

मी कणकेत हात घातला.

"काय म्हणतीय ती? फ्रेंच ना हे? तुला तर येतं. सांग ना."

मी म्हणलं, "काय न्हाई. तुझ्या आजीचं कौतुक करत्यात. आजी कष्टाळू हाय म्हणत्यात."

"आणि माझं?"

"तुझं बी. तू बी आजीसारखी कष्टाळू हुनार म्हणत्यात."

पोरगी खूश झाली. तिनं तो व्हिडिओ शेजारच्या पोरींना दाखवला. मामाला पाठवला. स्वतःच्या मोबाईलवर ठेवला.

मी जेवले नाही. त्या पोरींनी काय केलं ते सोडा. माझ्या तोंडानं मी काय केलं? त्यांनी फ्रेंचमध्ये जे म्हणलं तेच मी मराठीत सांगितलं, वर साखर लावून. तू बी आजीसारखी. आणि पोरीनं ते हसत गिळलं. उद्या ती मोठी होईल, कुणीतरी तिला खरा अर्थ सांगेल, तेव्हा ती म्हणेल, आज्जीला माहीत होतं. तिनंच मला फसवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोट घातला नाही. सकाळीच स्टाफरूमच्या दाराशी गेले. मॅडम चहा घेत होत्या.

"मॅडम, तो व्हिडिओ काढून टाका."

"कुठला? अच्छा तो! का हो? किती छान झालाय. आपण तो स्पर्धेला पाठवतोय, सगळ्या कॉलेजांच्या."

"नको. त्यात माझ्या नातीला झाडू दिलाय."

"अहो मावशी, ते नुसतं उदाहरण आहे. व्याकरणाचं. भविष्यकाळ दाखवायला काहीतरी घ्यावं लागतं ना?"

"मग ईशाची आई घ्यायची. उद्या ईशाची आई झाडेल. व्याकरण तेच ऱ्हातं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी काय सांगितलंय? तुम्हाला कुठं फ्रेंच कळतं?"

"कळतं."

"बरं. काय कळलं?"

मी तिथंच, दारात, सगळ्या स्टाफसमोर म्हणून दाखवलं. तिन्ही काळ. एल आ बालेये, एल बाले, एल बालेरा. ए सा पतीत-फीय, एल बालेरा ओसी. आणि 'रा' घशातून काढला, मॅडमनी सांगितला होता तसा. म्हणलं, "बालेरा म्हणजे झाडेल. ओसी म्हणजे सुद्धा. बरोबर हाय का?"

कोपऱ्यातल्या कुणा सरांच्या तोंडून "अरे वा" निघालं. मॅडमनी तिकडं नुसतं बघितलं. सर पेपरात डोकं घालून बसले.

मग मॅडमचा चेहरा पालटला. मला वाटलं होतं, लाजतील. लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं माझा क्लास चोरून ऐकत होता?"

चोरून. हा शब्द.

मला चौथीतला तो वर्ग आठवला, मास्तर आठवले. डोक्यात एकदम लख्ख झालं. मास्तर म्हणाले होते, तुला येत नाही. ही म्हणतीय, तुला आलंच कसं. न येण्याचीपण शिक्षा, येण्याचीपण शिक्षा. म्हणजे प्रश्न जिभेचा नव्हताच कधी. मी शंभरदा काय, लाखदा 'होता' म्हणले असते तरी मला खाली बसवणार नव्हते.

"कान उघडे व्हते," मी म्हणलं. "दार बी तुमीच उघडं ठेवायचा. उकडतं म्हनून."

*

दोन दिवसांनी सुपरवायझर आला. ठेकेदाराचा माणूस, तिशीतला, तसा वाईट नाही. जिन्याखाली जिथं आम्ही झाडू-बादल्या ठेवतो तिथं त्यानं मला गाठलं.

"मावशी, एक सही पाहिजे. करून टाका, विषय संपला."

"कसला कागद?"

"अहो काही नाही. त्या स्पर्धेचा नियम आहे. व्हिडिओत जो दिसतो त्याची संमती लागते. सगळ्या पोरांच्या आईबापांनी दिलीय. तुमची एकटीची राहिली."

"वाचते."

"वाचता कशाला, मी सांगतो ना."

मी वाचला. अजून जसाच्या तसा पाठ आहे. 'मी सदर सादरीकरणात स्वखुशीने व पूर्ण समजून सहभाग घेतला होता. सदर व्हिडिओ प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नव्हती व नाही.'

मी हसले. तो म्हणाला, "काय झालं?"

"नव्हती झालं, नाही झालं. नसेल राहिलं. तीन काळ पुरे करा की. तुमच्या मॅडमना सांगा, अर्धे मार्क कापले."

"मावशी, मस्करी नका करू. माझी नोकरी आहे."

"माझी बी हाय. बरं मला सांग दादा, मॅडम म्हणत्यात हिला फ्रेंच समजत न्हाई. समजलं तर चोरून समजलं. आन् हा कागद म्हणतो पूर्ण समजून. ह्यातलं खरं काय धरू?"

तो भिंतीकडं बघायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "सही नाही केली तर तुमचं नाव पुढच्या महिन्यापासून नाही. मला तसं सांगितलंय. तुम्ही या वयात कुठं जाणार? सही करा ना. कोण बघतंय तो व्हिडिओ?"

खरं सांगते, मी पेन घेतलं होतं. हातात धरलं होतं. सहा वर्षांचा दुसरा मजला. गुडघा असा, नवीन जागी कोण घेणार. सूनबाई काय म्हणेल. आणि एक सही. त्यानं बादली पालथी घालून त्यावर कागद ठेवला, मला वाकायला नको म्हणून. एवढी त्यानं काळजी घेतली.

मी 'स्वखुशीने' हा शब्द परत वाचला. कोमलचं तोंड डोळ्यापुढं आलं. "आणि माझं?" असं विचारणारं. मी एकदा तिच्यापुढं खोटं बोलले ते तोंडानं. वाऱ्यावर गेलं. हे खोटं माझ्या सहीनं राहणार होतं. पोरगी वकील होईल, कलेक्टर होईल, तेव्हाही कपाटात कागद असणार, की हिच्या आजीनं हिला स्वखुशीनं झाडू दिला होता. पूर्ण समजून.

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर.

'मला विचारलं नव्हतं. मला उभं केलं. माझी हरकत आहे. व्हिडिओ काढा.'

खाली सही केली. मावशी नाही, माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. ते नाव त्या कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. सुपरवायझरनंसुद्धा वाचून विचारलं, "हे कोण?"

"मी."

*

महिना संपायच्या आधीच काढलं. मी लेखी मागितलं. ठेकेदाराकडचे म्हणाले, ठेक्याच्या कामगाराला लेखी देत नाहीत. मी म्हणलं, मग मी उद्या परत येते, परवा परत येते. वैतागून शेवटी दिलं. कॉलेजच्या ऑफिसातून ठेकेदाराला गेलेलं पत्र, त्याची झेरॉक्स. कारण लिहिलंय, 'कामाच्या वेळेत वर्गाबाहेर थांबून चोरून शिकवणी ऐकणे.'

त्याच संध्याकाळी मी कोमलला बसवलं आणि खरं सांगितलं. शब्दाला शब्द लावून. बालेये, बाले, बालेरा. पोरगी आधी रडली. मग माझ्यावर चिडली. "तू मला कष्टाळू म्हणली होतीस! मी सगळ्यांना दाखवला तो!" तीन दिवस बोलली नाही. मी समजूत काढली नाही. काढायला तोंड नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं मोबाईलमधून तो पुसला आणि म्हणाली, "बाकीच्यांच्या मोबाईलमधलं कोण पुसणार?" व्हिडिओ स्पर्धेला गेला नाही म्हणतात. पण तो फिरतोय. परवा भाजी घेताना एका पोरानं मला बघून मित्राला कोपर मारलं.

आता मी दोन घरी पोळ्या करते. सोमवारी सुट्टी घेते. सोमवारी मी कॉलेजच्या ऑफिसात जाते. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना ती झेरॉक्स दाखवते आणि म्हणते, "हा शब्द खोडा." पहिल्या सोमवारी त्यांना वाटलं बाई काम मागायला आली.

"काम न्हाई मागत. शब्द खोडा."

"कुठला शब्द?"

"चोरून."

"अहो मावशी, एका शब्दासाठी?"

"व्हय. थांबून ऐकलं असं ठेवा. ते खरं हाय. शिकले असं लिहा, ते बी खरं हाय. चोरून खोडा. आन् मावशी म्हणू नका. वर नाव लिहिलंय माझं."

"आता रेकॉर्डला गेलंय ते. खोडता येत नाही."

"मग रेकॉर्ड काढा. मी बसते."

सात सोमवार झाले. पहिल्या दोन सोमवारी जिन्याच्या पायरीवर बसले. तिसऱ्या सोमवारी आत गेले आणि पालकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. शिपाई म्हणाला, "मावशी, ती पालकांची आहे." मी उठले नाही. मॅडम एकदा तिथून गेल्या. थांबल्या. म्हणाल्या, "हे किती दिवस चालणार?" मी त्यांच्याच फ्रेंचमध्ये सांगितलं, शब्द खोडेपर्यंत. मॅडमनी आजूबाजूला बघितलं आणि जिना चढून गेल्या. पोरांच्या समोर मला मराठीत उत्तर द्यायचं की फ्रेंचमध्ये, हे त्यांना ठरवता आलं नसावं.

मागच्या सोमवारी भाऊसाहेब म्हणाले, पोलीस बोलवावे लागतील. मी म्हणलं, बोलवा. चोरी झालीय म्हणून तुम्हीच लिहून दिलंय, मग पंचनामा व्हायला पाहिजे. चोरीच्या मालाची यादी करा. मी एकेक शब्द म्हणते, तुम्ही लिहून घ्या. पहिल्यापासून म्हणते. लई शब्द हायेत, दिवस पुरायचा नाही. आणि सगळे लिहून झाले की त्यातला एक तरी माझ्या तोंडातून काढून मालकाला परत करून दाखवा.

उद्या सोमवार आहे. त्यांना सांगून आलेय, शब्द खोडलेला कागद, त्यावर सही, त्यावर शिक्का. त्याच्याआधी मी खुर्चीवरून उठणार नाही.